सातपूरमधला पैशाच्या इंग्रजीचा वर्ग: घरात लोनचे कागद असतील तर नक्की करा

नाशिकच्या सातपूर कॉलनीत वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार संध्याकाळी एक वर्ग चालतो, बँकेतून रिटायर झालेल्या एक मॅडम घेतात आणि विषय एकच, पासबुकावर, पगाराच्या स्लिपवर, लोनच्या कागदावर, पॉलिसीवर आणि मोबाईलच्या मेसेजमध्ये जे इंग्रजी येतं ते. दोन महिन्यांचा कोर्स, फी ६०० रुपये. मी आणि माझी जाऊ दोघींनी मिळून केला, ती अंबडला कंपनीत पॅकिंगला आहे आणि माझं घरीच ब्लाउज-ड्रेस शिवायचं काम आहे. बऱ्याच जणींनी विचारलं कसा आहे म्हणून सगळं एकदाच लिहितेय. माझं मत चांगलं आहे, खूपच चांगलं आहे, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या त्याही लिहिणार.

इंग्लिश स्पीकिंगचे क्लास नाशकात गल्लोगल्ली आहेत, मोबाईलवर ॲप तर ढिगानं, आणि पैशावरचा एक धडा त्या सगळ्यांत असतो पण तो बाजारात जाऊन हाऊ मच विचारायचा, महाग, स्वस्त, सुट्टे, उधार एवढाच. नाहीतर मग अमेरिकेतले व्हिडिओ, त्यात चेकिंग अकाउंट आणि फोर-ओ-वन-के (तिकडची रिटायरमेंटची योजना), ते शिकून आपल्या बँकेच्या काउंटरला काय उपयोग? मॅडमनी हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. करंट अकाउंट म्हणजे इंग्लंडमध्ये साध्या माणसाचं रोजचं खातं, आपल्याकडे ते व्यापाऱ्याचं, त्यावर सहसा व्याज नाही, आपल्यासाठी सेव्हिंग्ज. आपण ज्याला होम लोन म्हणतो त्याला तिकडे मॉर्गेज म्हणतात, पण आपल्या कागदावर मॉर्गेज आलं तर घर बँकेकडे तारण आहे असं समजायचं. १ मिलियन म्हणजे १० लाख, आणि तिकडे स्वल्पविरामही वेगळ्या जागी देतात त्यामुळे आकडा वाचताना घोळ होतो, हे पण तेव्हाच फळ्यावर लिहून दाखवलं. एवढं झाल्यावर परदेशचा विषय बंद, पुढे सगळं आपल्या टेबलावरचं.

शिकवायची पद्धत मला सगळ्यात आवडली. पुस्तक नाही, शब्दांची यादी पाठ करणं नाही, ज्यानं त्यानं आपापले कागद आणायचे आणि त्याच्यावरच शिकायचं. सुरुवात पासबुकापासून. बऱ्याच बँकांच्या पासबुकात नोंदीच्या आधी बाय किंवा टू छापलेलं असतं, बाय म्हणजे खात्यात आले, टू म्हणजे खात्यातून गेले, हे वर्गातल्या वीस-बावीस जणांपैकी मोजून दोघांना माहीत होतं आणि त्यातले एक काका दुकान चालवणारे. सीएलजी म्हणजे चेक क्लिअरिंगचा, सीएचआरजी म्हणजे चार्ज, आयएनटी म्हणजे व्याज. मग मे महिन्याच्या शेवटाकडे ४३६ आणि २० रुपये कापलेले असतात ते कसले, यावर निम्म्या वर्गाचं बोट एकाच ओळीवर! ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा, दोन्ही १ जून ते ३१ मे चालतात आणि ऑटो डेबिट असल्यामुळे दरवर्षी आपोआप कापले जातात. जीवन ज्योतीत कशानंही मृत्यू झाला तरी २ लाख, सुरक्षामध्ये अपघाती मृत्यूला २ लाख. आमच्या वर्गातल्या एका मावशींच्या खात्यातून हे पैसे कितीतरी वर्षं जात होते आणि घरात कुणालाच विमा आहे हे माहीत नव्हतं, म्हणजे उद्या काही झालं असतं तर क्लेम करायला कुणी गेलंच नसतं. मला हे ऐकून पोटात कालवलं, कारण आमच्याकडेही सासूबाईंच्या पासबुकाकडे कोण बघतं?

खात्यात पैसे दिसतायत पण निघत नाहीत तेव्हा विचारायचा शब्द म्हणजे लिएन किंवा होल्ड, बँकेनं तेवढी रक्कम अडवून ठेवलेली असते. काउंटरवर जाऊन नुसतं पैसे निघत नाहीत म्हणालं तर सर्व्हर डाऊन आहे उद्या या असं ऐकायला मिळतं, पण लिएन लागलाय का आणि कशासाठी असं विचारलं की समोरच्याला कॉम्प्युटरमध्ये बघून उत्तर द्यावंच लागतं. तसंच ईएमआयच्या तारखेला खात्यात कमी पैसे असले तर रिटर्न चार्ज लागतो, तो आपली बँकही घेते आणि ज्याच्याकडून लोन घेतलंय तोही वेगळा घेतो, वर आपल्या बँकेच्या चार्जवर १८ टक्के जीएसटी. बाईकच्या हप्त्यावाल्या पोरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

पगाराच्या स्लिपच्या दिवशी जाऊबाईंचा भाव वधारला कारण आमच्या दोघींत स्लिप तिचीच. ग्रॉस म्हणजे कापाकापीच्या आधीचा, नेट म्हणजे हातात येणारा, सीटीसी म्हणजे कंपनीला वर्षाला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा पण धरलेला असतो म्हणून तो आकडा मोठा दिसतो. नोकरी बदलताना पोरं सीटीसी ऐकून खूश होतात आणि पहिला पगार आला की तोंड पडतं, मॅडम म्हणाल्या इंटरव्ह्यूला एकच विचारायचं, इन हँड किती. पीएफचं त्यांनी फार छान सांगितलं. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० असेल तर आपले १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात, कंपनी पण १,८०० भरते, पण पीएफच्या पासबुकात कंपनीच्या वाट्यात ५५० च दिसतात आणि लोकांना वाटतं कंपनीनं पैसे खाल्ले. खाल्लेले नसतात, १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, तिथं तिसरा रकाना असतो तो बघायचा. पी टॅक्स म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पण बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर हा टॅक्स नाहीये! वर्गातल्या एका ताईंचा पगार वीस हजारांच्याही आत आणि तरी दर महिन्याला २०० कापले जात होते, त्यांनी ऑफिसात जाऊन स्लिपवरच्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून कापणं बंद झालं. मागचे परत मिळवायचा अर्ज पण मॅडमनीच लिहून दिला, ते अजून चालू आहे. ह्या एका गोष्टीसाठी कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक बाईनं हा वर्ग करावा असं मला मनापासून वाटतं.

आता लोन. ह्याच्यावर तीन आठवडे घालवले आणि ते योग्यच केलं, कारण घरं बुडतात ती इथंच. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, इंटरेस्ट व्याज, टेन्युअर म्हणजे किती महिने, इथपर्यंत सगळ्यांना येत होतं. अडलं ते फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट यावर. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुदतभर पहिल्या दिवशीच्या रकमेवर धरतात, तुम्ही अर्धं फेडलं तरी व्याज पूर्ण रकमेचंच, आणि रिड्युसिंगमध्ये जेवढं देणं उरलंय तेवढ्यावरच. मॅडमनी १ लाखाचं दोन वर्षांचं लोन धरलं, दर दोन्हीकडे १२ टक्के. फ्लॅटनं व्याज २४,००० आणि हप्ता साधारण ५,१६७ रुपये. रिड्युसिंगनं हप्ता ४,७०७, दोन वर्षांचं व्याज तेराच हजारांच्या आसपास. म्हणजे कागदावर १२ दोन्हीकडे लिहिलंय आणि व्याज जवळजवळ दुप्पट, तो फ्लॅटचा १२ खरा मोजला तर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. वर्गात एकदम शांतता झाली आणि मग सगळे आपापले कागद उलटे-पालटे करून फ्लॅट शब्द शोधायला लागले. मी शिलाई मशीनसाठी घेतलेल्या लोनचा कागद आणला होता त्यात रिड्युसिंग निघालं, जीव भांड्यात पडला, पण शेजारच्या बाकावरच्या भाऊंचं टेम्पोचं लोन फ्लॅट निघालं.

त्याच्यानंतर केएफएस. हा शब्द मी आधी कधीच ऐकला नव्हता आणि आता भेटेल त्याला सांगत सुटलेय. की फॅक्ट स्टेटमेंट, लोनचा सगळा मामला थोडक्यात मांडलेला तक्ता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या रिटेल लोनला तो द्यावाच लागतो, बँक असो की फायनान्स कंपनी, आणि लोन घेणाऱ्याला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो म्हणजे मराठीत मागायचा आपल्याला हक्क आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, लोनसोबत घेतलेला विमा असं सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतं तो आकडा, दोन ठिकाणची लोनं तोलायची तर तोच बघायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे जो चार्ज त्या तक्त्यात नाही तो पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे एजंट घरी येतो, चहा होतो, पेन्सिलनं फुल्या मारलेल्या ठिकाणी आपण सह्या करतो आणि कागद त्याच्या बॅगेत जातात, तेव्हा सहीच्या आधी एवढं म्हणायचं, दादा केएफएस दाखवा आणि त्याची कॉपी माझ्याकडे राहू द्या. वर्गात ह्या एका वाक्याची प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणून प्रॅक्टिस करून घेतली, लाजणाऱ्या बायकांकडून सुद्धा.

बाकीचे शब्द पटापट सांगते. फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी लोन बंद करणं, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजाचं घराचं लोन आपल्या वैयक्तिक नावावर असेल तर त्याला दंड लावता येत नाही. गॅरेंटर म्हणजे साक्षीदार नाही, लोन घेणाऱ्यानं भरलं नाही तर गॅरेंटर म्हणून तुम्ही भरायचं, सगळं, व्याजासकट, भाऊबंदकीत सही करायच्या आधी हे लक्षात ठेवा. क्रेडिट कार्डावरचा मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, भरला की लेट फी टळते पण उरलेल्यावर व्याज चालूच, महिन्याला साडेतीन टक्के लिहिलं असेल तर ते वर्षाला ४२ टक्के झालं. सिबिल स्कोअर, म्हणजे आपण लोन कसं फेडतो त्याचे मार्क, ३०० ते ९०० च्या मध्ये असतो, जास्त तेवढा चांगला. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो.

नॉमिनीचा दिवस सगळ्यात भावनिक झाला कारण वर्गात दोघी-तिघी नवरा गेलेल्या होत्या. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात देऊन बँक मोकळी होते तो, मालक कायदेशीर वारसच, त्यामुळे नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही असं नाही. शेअरच्या बाबतीत पण असंच आहे हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. जॉइंट खात्यावर आयदर ऑर सर्व्हायव्हर लिहिलं असेल तर दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतं आणि एक गेला तर दुसऱ्याला पैसे मिळतात, पण जॉइंटली लिहिलं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. खातं उघडताना फॉर्मवर टिक कुठं झाली ते आपण बघत नाही, आणि नवरा आयसीयूत असताना बायको बँकेत बसून रडते. एक ताई हे बोलता बोलता थांबल्या, मॅडमनी वर्ग तेवढ्यावर संपवला आणि त्यांच्याबरोबर खाली रिक्षापर्यंत गेल्या.

पतसंस्था आणि बँकेचा विषय मॅडमनी न विचारता काढला, आणि महाराष्ट्रात कुठंही असा वर्ग घ्यायचा तर हे आलंच पाहिजे असं माझं मत आहे. बोर्डावर को-ऑपरेटिव्ह बँक आणि को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी हे दोन्ही एकाच चवीचे वाटतात, दोन्हीकडे काउंटर, दोन्हीकडे पासबुक, दोन्हीकडे पिग्मी एजंट ओळखीचा. पण डीआयसीजीसीचं (ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) ठेवींचं विमा संरक्षण बँकेला आहे, सहकारी बँकेलाही आहे, एका माणसाला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत, फेब्रुवारी २०२० च्या आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असं त्या अजिबात म्हणाल्या नाहीत, अडीनडीला तिथंच पैसे मिळतात हे पण बोलल्या, फक्त पोरीच्या लग्नाचे सगळे पैसे एका ठिकाणी ठेवायच्या आधी बोर्डावरचे शेवटचे दोन शब्द वाचा म्हणाल्या.

मोबाईलच्या मेसेजचा भाग आमच्या वयाच्या लोकांना फार कामाचा. डेबिटेड गेले, क्रेडिटेड आले, हे माहीत असतं पण घाईत डोळा चुकतो. अनोळखी माणूस फोन करतो की चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, मेसेज बघा, क्रेडिटेड लिहिलेला मेसेज आलेला पण असतो, पण तो बँकेचा नसून त्यानंच पाठवलेला असतो. तेव्हा आधी ॲपमध्ये बॅलन्स बघायचा. रिक्वेस्ट, अप्रूव्ह, मँडेट (खात्यातून पैसे कापायची परवानगी) असे शब्द आले की थांबायचं, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि फसलोच तर लगेच १९३० ला फोन. बँक तक्रार ऐकत नसेल तर लेखी तक्रार द्यायची, नंबर घ्यायचा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आता खटकलेलं. इन्शुरन्सला एकच संध्याकाळ दिली, ते मला अजिबात पटलं नाही. सम ॲश्युअर्ड (विम्याची रक्कम), सरेंडर व्हॅल्यू (मध्येच पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे), लॅप्स (हप्ता न भरल्यानं पॉलिसी बंद पडणं) हे झालं, नवी पॉलिसी ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये, म्हणजे वाचून बघायच्या मुदतीत, परत करता येते हे पण सांगितलं, पण हॉस्पिटलचे शब्द धावतपळत. को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा), वेटिंग पिरियड (ज्या काळात काही आजारांचा क्लेम मिळत नाही), आणि रूम रेंट लिमिट, ज्याच्यात लिमिटपेक्षा महाग खोली घेतली तर नुसत्या खोलीचे नाही तर बिलाच्या इतर रकमेचे पण त्या प्रमाणात पैसे कापले जाऊ शकतात. ह्यावर खरं बिल आणून दोन-तीन संध्याकाळी लागल्या असत्या तरी चाललं असतं, कारण कॅशलेस डेस्कवर उभं राहिल्यावर विचार करायला वेळ नसतो. म्युच्युअल फंडाचंही तसंच, एनएव्ही (एका युनिटची किंमत), फोलिओ (फंडातला आपला खाते नंबर), एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर कापला जाणारा चार्ज) हे शब्द सांगितले पण रेग्युलर आणि डायरेक्ट यातला फरक राहूनच गेला, तो मला भाच्यानं सांगितला की रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन खर्चात धरलेलं असतं. एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठराविक रक्कम, करणारे खूप आहेत हल्ली, त्यांची निराशा होईल.

बोलायची प्रॅक्टिस पण शेवटी शेवटी झाली. वाचता यायला लागलं, पण कस्टमर केअरची मुलगी इंग्रजीत बोलायला लागली की अजून तोंड बंद होतं, मॅडम म्हणाल्या मराठीसाठी कितवं बटण ते ऐकून दाबा, बरोबर आहे, पण मला उत्तर देता पण यायला हवं होतं. खोली लहान आहे, मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही, आणि संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ दुकानदारांना आणि सेकंड शिफ्टवाल्यांना सोयीची नाही, दोघं-तिघं त्यामुळेच मध्येच सुटले. छापील नोट्स मिळत नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर फळ्याचे फोटो टाकतात तेवढेच.

तरी सहाशे रुपयांत हे म्हणजे मी पूर्ण मार्क देईन, इन्शुरन्स वाढवला तर बोलायलाच नको. बारावी-कॉमर्स झालेल्यांना पहिला महिना सोपा वाटेल, त्यांनी मॅडमना विचारून लोनच्या आठवड्यांपासून यावं, त्या नाही म्हणत नाहीत. नवरा-बायकोनं जोडीनं केला तर उत्तम, कारण आमच्या घरी मी केएफएस म्हणते आणि ह्यांना तो शब्द समजावण्यातच अर्धा तास जातो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नाव वाचनालयाच्या खालच्या टेबलावर द्यायचं, संध्याकाळी ४ नंतर. जाताना पासबुक, पगाराची शेवटची स्लिप, लोनचं सँक्शन लेटर आणि असेल तर मेडिक्लेमची पॉलिसी घेऊन जा, पण झेरॉक्स, आणि त्यावरचा अकाउंट नंबर आणि पॅन नंबर काळ्या पेननं खोडून, कारण कागद सगळ्या बाकांवरून फिरतो.